साठीनंतरची मोटारसायकल कशी असावी?

जुम्म्याच्या दिवशी कोल्हापुरातल्या कुठल्याही मशिदीबाहेर लागलेल्या गाड्यांवर एक नजर टाका. कोणती गाडी कोणाची, हे न सांगता कळते. मागची सीट आभाळाला टेकलेली गाडी कॉलेजच्या पोराची. स्प्लेंडर किंवा शाईन नोकरदाराची. आणि भिंतीच्या कडेला, जिथून काढायला सोपी पडेल अशा जागी लावलेली जुनी, पुसून ठेवलेली गाडी साठी-पासष्टी ओलांडलेल्या कुणा चाचांची.

आपल्या शहरातल्या या पिढीने गाडीवर अख्खे आयुष्य काढले आहे. कुणी राजदूतवर कापडाचे गठ्ठे बांधून बाजार केले, कुणी एम-८० वर दुधाच्या किटल्या ओढल्या, कुणी येझदीवरून रोज शिरोलीची एमआयडीसी गाठली. किक मारायची आणि गिअर टाकायची दांडी एकच असलेली येझदी आणि गिअर उजव्या पायाला असलेली जुनी बुलेट यांना सहज चालवता येत होती. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर आली, तेव्हा हेच लोक ऐन उमेदीत होते.

आज त्यांच्यासमोर प्रश्न वेगळा आहे. फजरला जायचे आहे, बाजार आणायचा आहे, नातवाला मकतबला सोडायचे आहे, मिरजेला बहिणीकडे जायचे आहे. पण गुडघा कुरकुरतो, कंबर धरते, उभी गाडी वळवताना दम लागतो. मुले म्हणतात, “अब्बा, आता गाडी सोडा.” अब्बांना वाटते, गाडी सुटली की घराचा उंबरा सुटणार नाही. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे, ती म्हणजे वयाला शोभणारी नव्हे, तर वयाला सोसणारी गाडी निवडणे.

नमाज आणि वुजूतून शरीराची ओळख

गाडीच्या दुकानात जाण्याआधी आपले शरीर आज काय करू शकते हे प्रामाणिकपणे पाहावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. दिवसातून पाच वेळा आपण उभे राहतो, वाकतो, बसतो, मान वळवतो. तेवढ्यावरून बरेच कळते.

वुजू करताना उजवा पाय उचलून नळाच्या कट्ट्यावर ठेवता येतो का? येत नसेल, तर पाय मागून उंच फेकून गाडीवर बसणे जड जाणार. अशा माणसाने कमी उंचीची सीट किंवा पाय फेकावा लागत नाही अशी स्कूटर पाहावी.

रुकूमध्ये कंबर दुखते का? दुखत असेल, तर पुढे वाकून बसावे लागणारी गाडी बाद. हँडल उंच आणि अंगाजवळ हवे.

कअद्यात, म्हणजे दुमडून बसताना, गुडघे तक्रार करतात का? खुर्चीवर नमाज पढावी लागते का? मग ज्या गाडीचे फूटरेस्ट मागे आणि वर असतात, तिच्यावर गुडघा सतत दुमडलेला राहील. अर्ध्या तासाने उतरताना तो सरळ होणार नाही.

सलाम फेरताना मान दोन्ही खांद्यांकडे पुरती वळते का? वळत नसेल, तर मागून येणारी गाडी वळून पाहता येणार नाही. आरसे मोठे आणि रुंद दांडीचे लागतील, आणि त्या आरशांनाही न दिसणारा एक कोपरा राहतोच, हे ध्यानात ठेवावे लागेल.

शेवटची गोष्ट तोलाची. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद थांबता येते का ते पाहावे. सिग्नलला थांबताना आपण नेमके हेच करतो, फक्त तेव्हा अंगाखाली शंभर किलोंहून जास्त लोखंड असते.

आतला पाय मोजा

म्हातारपणी माणूस गाडीवरून पडतो तो बहुधा वेगात नव्हे, गाडी उभी असताना. खड्ड्यात पाय टेकायला गेला, जमीन लागली नाही, गाडी कलली आणि तिच्याबरोबर माणूसही. तरुण पोर उठून कपडे झटकते. पासष्टीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर महिनोन् महिने अंथरूण धरावे लागते. म्हणून सीटची उंची हा पहिला आकडा पाहावा.

मोजण्याची रीत सोपी आहे. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहा. एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये वर सरकवून घट्ट धरा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे आपला आतला पाय. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा तो साधारण २९ ते ३० इंच भरतो, म्हणजे ७४० ते ७६० मिलिमीटर.

आता माहितीपत्रकांतले आकडे पाहा. बजाज अ‍ॅव्हेंजरची सीट सुमारे ७३७ मिलिमीटर उंचीवर आहे. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० ची ७६५, हिरो स्प्लेंडर प्लसची ७८५, होंडा शाईन १०० ची ७८६, हंटर ३५० ची ७९० आणि क्लासिक ३५० ची ८०५. बजाज प्लॅटिना ११० हलकी व मऊ गाडी म्हणून ओळखली जाते, पण तिची सीटही ८०७ च्या घरात आहे.

मात्र आकडाच सर्व काही नाही. माणूस बसला की स्प्रिंग दबून सीट थोडी खाली येते. सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि उंची कमी असूनही टाच टेकत नाही. म्हणून शोरूममध्ये नेहमीच्या चपला-बुटांतच जावे, गाडी स्टँडवरून खाली घ्यायला लावावी आणि बसून पाहावे. दोन्ही पायांचे पंजे आणि किमान एक पूर्ण तळवा जमिनीवर टेकला पाहिजे. नुसती बोटे टेकत असतील, तर विक्रेता काहीही म्हणो, ती गाडी आपली नाही.

वजन चालताना नाही, ढकलताना कळते

रस्त्यावर धावणारी जड गाडी जड वाटत नाही, उलट स्थिर वाटते. तिचे वजन कळते ते गल्लीत मागे घेताना, चढावर लावलेली काढताना, दुसऱ्याच्या गाडीत अडकलेली सोडवताना. आपल्या पेठांतल्या बोळांत, बिंदू चौकाच्या आसपास किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत हे रोज करावे लागते.

शाईन १०० सुमारे ९९ किलोंची आहे, स्प्लेंडर ११२ च्या आसपास, प्लॅटिना ११० साधारण १२० च्या आत-बाहेर. अ‍ॅव्हेंजर २२० सुमारे १६३, हंटर १८१, मिटिऑर १९१ आणि क्लासिक १९५ किलो. म्हणजे स्प्लेंडर सोडून क्लासिक घेणारा माणूस रोज ऐंशी किलोंचे जादा ओझे ढकलायला तयार झाला पाहिजे. उमेदीत बुलेट घ्यायची राहून गेली, आता मुलगा कमावता झाला, तोच घेऊन देतो म्हणतो. ही हौस समजण्यासारखी आहे. पण घेण्याआधी एक परीक्षा द्यावी. गाडी बंद ठेवून, एकट्याने, तिला दहा पावले मागे ढकलावे आणि मेन स्टँडला लावून दाखवावे. धाप लागली किंवा पाठीत कळ आली, तर हौस मुलाच्या मागे बसून भागवावी.

आरामशीर दिसते ते आरामशीर असतेच असे नाही

पाय पुढे पसरून, मागे रेलून बसायच्या गाडीला क्रूझर म्हणतात. आपल्याकडे बजाजने २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर आणली तेव्हापासून ही बैठक लोकांच्या परिचयाची झाली. साठीच्या माणसाला ती आरामखुर्चीसारखी वाटते, आणि गुडघ्यांसाठी ती खरोखर चांगली आहे, कारण पाय दुमडावे लागत नाहीत.

पण कमरेचे गणित निराळे आहे. पाय पुढे गेले की शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. साध्या मोटारसायकलवर फूटरेस्ट आपल्या अंगाखाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देऊन सीटवरून थोडे उठतो आणि धक्का गुडघे-घोटे पचवतात. क्रूझरवर तसे उठता येत नाही. धक्का सरळ मणक्यात जातो. महामार्गावर क्रूझर सुखाची वाटेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर, ज्याच्या मणक्यात आधीच गादी सरकलेली आहे, त्याला ती त्रास देईल. शिवाय अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांमधले अंतर जवळपास दीड मीटर आहे, तर स्प्लेंडरचे सव्वा मीटरच्या आत. अरुंद बोळात वळवताना हा फरक हाताला जाणवतो.

थोडक्यात, गुडघे वाईट पण कंबर ठीक असेल, तर पाय थोडे पुढे असलेली, कमी उंचीची गाडी चालेल. कंबर वाईट असेल, तर पाठ सरळ, हँडल उंच आणि फूटरेस्ट अंगाखाली अशी साधी गाडीच बरी. दोन्ही वाईट असतील, तर हलकी स्कूटर.

स्कूटर की मोटारसायकल?

स्कूटरला क्लच नाही, गिअर नाही, पाय फेकावा लागत नाही, आणि बाजाराची पिशवी पायाशी मावते. क्लच दाबून ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. सुझुकी अ‍ॅक्सेस किंवा टीव्हीएस ज्युपिटरसारख्या स्कूटरचे वजनही शंभर किलोंच्या आसपासच असते.

तिची उणी बाजू चाकांत आहे. स्प्लेंडरची चाके १८ इंची आहेत. अ‍ॅक्टिव्हाचे पुढचे चाक १२ इंची आणि मागचे १० इंची. लहान चाक खड्ड्यात खोल उतरते आणि मोठे चाक त्याच खड्ड्यावरून सरकून जाते. म्हणून गावातल्या गावात, चार-पाच किलोमीटरच्या फेरीसाठी स्कूटर. पण ज्यांना रोज हुपरी, कागल किंवा इचलकरंजीकडे जायचे आहे, त्यांनी अजून मोटारसायकलच पाहावी. स्कूटर घेतलीच, तर दोन्ही चाके १२ इंची असलेली निवडावी.

विजेवरच्या काही स्कूटरना, उदाहरणार्थ बजाज चेतक, एथर आणि टीव्हीएस आयक्यूब यांना, हळू मागे जाण्याची सोय असते. उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी काढताना साठीच्या माणसाला या एका बटणाचे मोल कळते. कंपही जवळजवळ नसतो. घरात चार्जिंगची सुरक्षित जागा आहे का, एवढे मात्र आधी पाहावे.

मागे बसणाऱ्या माणसाचाही विचार करा

गाडी निवडताना आपण चालवणाऱ्याचाच विचार करतो. मागे बसणारी अम्मी किंवा दादीही साठीचीच असते, तिचेही गुडघे दुखतात, आणि ती बुरखा किंवा साडी नेसून एका बाजूला बसते. उंच मागच्या सीटवर तिला चढवायला शेजारचा दगड शोधावा लागत असेल, तर ती गाडी त्या घराची नाही.

सीट सपाट आणि लांब हवी. मागे धरायला मजबूत कडी हवी. डाव्या बाजूला साडीगार्ड आणि त्याला जोडलेला रुंद पायठोकळा हवा, ज्यावर दोन्ही पाय टेकतील. चेन पूर्ण झाकलेली हवी. बुरख्याचा घेर, ओढणी किंवा पदर मागच्या चाकात, चेनमध्ये अडकून गळ्याला फास बसण्याचे किंवा बाई खाली ओढली जाण्याचे अपघात होतात. बसल्यावर घेर गोळा करून मांडीखाली दाबायचा, ओढणीची टोके आत खोचायची आणि “झाले का?” असे विचारूनच गाडी हलवायची, ही सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी. जमत असेल त्या महिलांनी दोन्हीकडे पाय टाकून बसणे सर्वांत सुरक्षित. सैल सलवारीवर त्यात संकोचाचे काही नाही.

नातवंडांबाबत एक नियम पक्का धरावा. कायद्याने दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. दोन नातवंडे आणि मध्ये दप्तरे ही सवारी आपल्याला कितीही गोड वाटली, तरी ब्रेक लावायची वेळ आली की आजोबांचे हात आणि तोल दोन्ही कमी पडतात.

नवी घेण्याआधी आहे ती सुधारून पाहा

पुष्कळदा नवी गाडी लागतच नाही. दहा वर्षे चाललेल्या गाडीची सीट दबून फळी झालेली असते आणि आपण दोष कमरेला देतो.

सीटवाल्याकडे जाऊन फोम बदलून घ्यावा. नुसता मऊ फोम नको, तो महिन्यात दबतो. खाली घट्ट आणि वर मऊ असा थर द्यायला सांगावे. उंची कमी करायची असेल, तर पुढच्या बाजूच्या कडा तासून घेता येतात. मधला फोम फार काढला तर खालची पत्री-फायबर लागू लागते.

हँडल हाताला लांब पडत असेल, तर दोन-तीन इंच उंच आणि आत वळलेले हँडल मिळते. ते बसवताना क्लच-ब्रेकच्या केबली ताणल्या जात नाहीत ना, हे दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. पाय-टाच असा दोन टोकांचा गिअर बसवून घेतला, तर चपलेत अंगठा अडकवावा लागत नाही. आणि चपलेवरून आठवले, आपली कोल्हापुरी चप्पल जगात नाव काढून आहे, पण तिचा चामडी तळ ओल्या फूटरेस्टवर आणि ओल्या फरशीवर घसरतो. गाडीवर मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल किंवा बूट घालावा.

टायरमधली हवा हा फुकटातला आराम आहे. पंपावर पोर अंदाजाने ठासून हवा भरते आणि गाडी दगडासारखी उडते. योग्य आकडा गाडीच्या चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. एकट्यासाठी वेगळा, दोघांसाठी वेगळा. हवा टायर थंड असताना पाहावी. मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरलाही सैल-घट्ट करायच्या खाचा असतात. एकटेच फिरत असाल तर ती सैल ठेवायला मेकॅनिकला सांगा.

आपले रस्ते, आपले ऋतू

कोल्हापुरात गाडी निवडायची म्हणजे पावसाचा आणि उसाचा विचार आलाच. जून ते सप्टेंबर चिखल आणि पाण्याने भरलेले खड्डे. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे ओली असताना साबणासारखी होतात. टायरची नक्षी झिजली असेल तर पावसाळ्याआधी बदलावा. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची आहे. जुन्या गाडीला हे नसते, हा नवी घेण्याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. घाबरून ब्रेक दाबला तरी एबीएसमुळे चाक जाम होत नाही.

पावसाळा सरला की ऊस सुरू होतो. कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली कांडी, अनेकदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार पडल्यावर अशी ट्रॉली पासष्टीच्या डोळ्यांना उशिरा दिसते. या दिवसांत गावाबाहेरचा प्रवास मगरिबआधी उरकावा. आणि पन्हाळा, जोतिबा किंवा गगनबावड्याकडे जायचे असेल, तर उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नये. गिअर ठेवला की इंजिनच अर्धा ब्रेक लावते.

डोळे, औषधे आणि रोजा

गाडी कितीही चांगली असली तरी ती डोळ्यांनी चालते. समोरच्या दिव्याभोवती वलये दिसू लागली, रात्री प्रकाश फुटल्यासारखा वाटू लागला, तर तो मोतीबिंदू असू शकतो. शस्त्रक्रिया होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रात्रीची गाडी बंद.

सर्दी-खोकल्याची काही औषधे आणि झोपेच्या गोळ्या सुस्ती आणतात. रक्तदाबाच्या गोळीने एकदम उठल्यावर काहींना भोवळ येते. “या औषधावर गाडी चालवू का?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल, तर पाय ब्रेकवर आहे की फूटरेस्टवर हेही कळत नाही. अशांनी हाताचे ब्रेक असलेली स्कूटर वापरावी, किंवा थांबावे.

रमजानमध्ये याकडे विशेष लक्ष हवे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रोजेदाराची साखर दिवस उतरताना खाली जाऊ शकते. हात थरथरणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे धूसर होणे ही तिची लक्षणे. नेमक्या याच वेळी सगळे शहर इफ्तारला घर गाठायच्या घाईत असते. असे वाटले तर गाडी ताबडतोब कडेला घ्यावी. आजारी माणसाला शरीअतने सवलत दिली आहे. रमजानआधीच डॉक्टर आणि आलिम दोघांचाही सल्ला घेऊन ठेवावा. इफ्तार रस्त्यात खजुरावर केला तरी होतो. तरावीहनंतर आणि सहेरीनंतरच्या झोपेकडेही दुर्लक्ष करू नये.

टोपी हेल्मेट नव्हे

जुम्म्याला जाताना टोपी घालून, हेल्मेट घरी ठेवून निघण्याची आपल्यात सवय आहे. मशीद जवळ आहे, हे कारण. पण डोके आपटायला अंतर लागत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, कायद्याने हेल्मेट लागते. टोपी खिशात ठेवावी. चष्मा आणि दाढी असणाऱ्यांना पुढचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट सोयीचे पडते. मानेचा त्रास असेल तर हातात तोलून हलके निवडावे, पण आयएसआय खूण असलेलेच.

परवान्याची तारीखही आज काढून पाहावी. वयाच्या ५० ते ५५ मध्ये काढलेला परवाना साठीपर्यंतच चालतो, आणि ५५ नंतर तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. त्यासाठी डॉक्टरचे नमुना १-अ प्रमाणपत्र लागते. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. हे प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून सहीपुरते घेऊ नये. डोळे, कान, रक्तदाब खरोखर तपासून घेण्याची ती चांगली संधी आहे.

पैसा कुठला आणि किती?

निवृत्तीनंतर व्याजाच्या कर्जात अडकून गाडी घेणे आपल्या बहुतेक घरांना पटणार नाही, आणि तशी गरजही नाही. बिनव्याजी भिशी, मुलांनी मिळून दिलेली रक्कम किंवा चांगली जुनी गाडी हे मार्ग आहेत. हजसाठी साजवलेल्या पैशांतून जड, महागडी गाडी घेऊ नये. शंभर सीसीची साधी गाडीही मशीद, बाजार आणि पाहुणे एवढे सगळे पार पाडते.

जुनी घेताना आरसी बुकातला चेसिस क्रमांक गाडीवर जुळवावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला घ्यावा. नमुना २९ व ३० वर सह्या घेऊन नाव लगेच चढवावे आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची फेरनोंदणी झाली आहे का, हेही पाहावे.

चावी हिसकावू नका

आता मुलांसाठी थोडे. वडिलांची गाडी बंद करायची म्हणून चावी लपवणे, पेट्रोल काढून ठेवणे, नातवंडांसमोर “तुम्हाला आता जमत नाही” असे बोलणे, हे आईवडिलांशी बोलण्याच्या आपल्या दीनी अदबीत बसत नाही. त्याने माणूस गाडी सोडत नाही, बोलणे सोडतो.

त्यापेक्षा एकदा त्यांच्या मागे बसून गावातून फेरी मारावी. सिग्नल उशिरा दिसतो का, वळताना इंडिकेटर विसरतो का, ओळखीचा रस्ता चुकतो का, महिन्यात दोनदा गाडी कुठे घासली का, हे शांतपणे पाहावे. मग टप्प्याटप्प्याने ठरवावे: आधी रात्रीची गाडी बंद, मग महामार्ग, मग पाऊस, मग मागे कुणाला बसवणे. आणि प्रत्येक बंद केलेल्या रस्त्याच्या बदल्यात एक सोय द्यावी. फजरला शेजारचा तरुण बरोबर नेईल, जुम्म्याला मुलगा येईल, मिरजेला एसटीने जाता येईल आणि स्टँडवर भाचा घ्यायला येईल. सोय आधी, बंदी नंतर.

वडिलांनीही एक गोष्ट मनाशी धरावी. शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचे शरीरही तशीच अमानत आहे. उंटाला दोर बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सवारीची दुआ पढण्याआधी हवा पाहिली, आरसे लावले, हेल्मेटचा पट्टा बांधला, तर तो दोर बांधून झाला.

या महिन्यात वेळ काढून तीन कामे करावीत: आतला पाय मोजावा, परवान्याची तारीख पाहावी आणि डोळे तपासून घ्यावेत. तिन्ही मिळून एका सकाळचे काम आहे. नवी गाडी घ्यायची की जुनीचीच सीट बदलायची, हे त्यानंतर ठरवता येईल.